बाराव्या नंबरची गाय

आदरणीय तोक्तोसुनदादांना एसेनकुलचा सलाम.

गोठ्याची उतरती फरशी, चुलीच्या नळीने कोमट राहणारी पाण्याची डोणी, चारा कापायचं यंत्र (मोटार जुन्या धुलाई यंत्राची), दूध मोजायचा काटा आणि चाऱ्याचं मिश्रण (सात भाग लसूणघास, दोन भाग मोड आलेले जव, एक भाग बिटाचा चोथा, वर मूठभर मीठ, मूठ माझी, पाहुण्याची नव्हे) हे सगळं मी माझ्या हातांनी केलंय. कुणी शिकवलं नाही. हे आधी लिहितो. तुमचा गुडघा कसा आहे, वहिनींचा खोकला थांबला का, हे मनापासून विचारतो, पण दातओठ खात विचारतो, तेवढं समजून घ्या.

तुमच्या बिश्केकच्या पशुसंस्थेतून ("तुमच्या", कारण तिथल्या संचालकांची गाडी तुम्ही चालवता) मेएरिम नावाची संशोधक बाई आली. गावातल्या बारा घरच्या बारा गाई, बारा तऱ्हेचा चारा, एकवीस दिवस. माझी काश्का तिने शिंगापासून शेपटीपर्यंत तपासली. पोट ठीक, कासेत दगडी रोगाचा मागमूस नाही. मग बजावून गेली, की जो दूध काढील त्यानेच तक्ता भरायचा. अकरा घरांत दूध बायकांनी काढलं आणि तक्ते नवऱ्यांनी भरले, छाती फुगवून. नियम पाळला तो मी एकट्याने! दूध काढते ती माझी बायको, म्हणून तक्ताही बुरुलचाच्याच हाती दिला आणि एकवीस दिवस तिकडे ढुंकून पाहिलं नाही. (संशोधनात घरधन्याने ढवळाढवळ करू नये, असं माझं मत होतं. होतं.)

निकाल लागला. काश्का बारावी. रोज नऊ लिटर! "एसेनकुलकाका, गाय तर ठणठणीत आहे, म्हणजे दोष चाऱ्याचाच," बाई गोड आवाजात म्हणाली. दहा तारखेला तालुकाभर पत्रक वाटणार, त्यात माझं मिश्रण "दूध घटवणारं" म्हणून छापणार. दादा, अठरा वर्षं लोक मला विचारून गाईपुढे चारा टाकतात!

घरात शिरून बुरुलचाला विचारलं, नऊ कुठून आले? म्हणते, "मग काय वीस लिहू? परक्या बाईला दुधाचा खरा आकडा कुणी सांगतं का? नजर लागून कास आटली असती, तर तुमचं संशोधन चोळलं असतं तिला?" मी म्हणालो, निदान बारा तरी लिहायचे! "बाराच लिहीत होते. शेजारीण डोकावून गेली, मग आणखी उतरवले." आणि वर मलाच सल्ला, "सांगा ना, तुमचा काटा बिघडला होता." माझा काटा! पन्नास ग्रॅमची चूक करत नाही तो! मी तीन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिला ते तिसऱ्या दिवशी कळलं.

आता खरं सांगावं, तर गावात बायको खोटारडी ठरते. न सांगावं, तर माझा चारा.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, संशोधकांना काहीही नाही.

तुमचा,
एसेनकुल

ता.क. संचालकांना गाडीत एकटं गाठा. दहा तारखेआधी पुन्हा मोजायला माणूस पाठवा म्हणावं. कारण विचारलंच तर सांगा (इथे पेन दोनदा खाली ठेवलं), काटा बिघडला होता. बुरुलचाचं नाव काढू नका.

ता.क. २. येणाऱ्याला ताकीद द्या, दूध कितीही दिसो, "वा" म्हणायचं नाही. म्हणाला, तर बुरुलचा बादली झाकून घेईल.

ता.क. ३. आत्ताच शेजारचा ओरोझबाय (डोकावून गेलेल्या त्या शेजारणीचा नवरा) येऊन गेला. "भाऊ, बाराव्या नंबरची गाय ठेवून काय करता? उपकार म्हणून घेऊन जातो." पहिल्या नंबरची गाय गेल्या आठवड्यात एक लाख दहा हजार सोमला विकली गेली. याने काश्कासाठी रोख पुढे केले. मी नाही म्हणालो. रोख होते दोन लाख पंचवीस हजार.