अंजूरहून निघायचा वार

सोमवार, ४ फेब्रुवारी २००८
आजपासून रोजनिशी. घरात माझं कोणी ऐकत नाही, वहीला ऐकावं लागेल.
बावीस वर्षं भिवंडीत निजामपुऱ्यात जॉबर होतो, म्हणजे यंत्रमागांचा मिस्त्री. चोवीस लूम माझ्या हाताखाली. कुठला लूम बिघडणार ते नुसत्या आवाजावरून सांगायचो. दिवाळीनंतर शेठने सगळे लूम भंगारात काढले. आम्हाला आदल्या दिवशी सांगितलं. तेव्हापासून डोकं गरम आहे ते आहेच.
आता कोणाची नोकरी करणार नाही. रिक्षा घेतली. बॅज, परमिट, सगळं झालं. शुक्रवारी गाडी येणार. शुक्रवार शुक्राचा, आणि वाहनसुख शुक्राच्या हातात. धनेश (माझा मुलगा, गोडाऊनला ड्युटी करतो) म्हणाला, वार शोरूमवाल्याने ठरवलाय, शुक्राने नाही. आजकालच्या पोरांना एवढी पण अक्कल नाही की शोरूमवाल्याला ती बुद्धी कोण देतो.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी
गाडी आली. शोरूमपासून लडकूने चालवत आणली. लडकू म्हणजे आमच्या स्टँडवरचा जुना रिक्षावाला, शाळेत माझ्या मागच्या बाकावर होता, अजून मागेच आहे. बायकोने, हौसाने, ओवाळलं. लिंबू-मिरची, हार, नारळ. अर्धं अंजूर जमलं होतं. सगळे म्हणाले, चांगदेव, एक राउंड मार. मी सांगितलं, आज फक्त गृहप्रवेश. लडकू हसला. त्याला हसायचं कारण विचारलं तर म्हणतो काही नाही. काही नाही तर हसतोस कशाला?

रविवार, १० फेब्रुवारी. संध्याकाळी ६
ट्रायल घेतली. रिक्षा गटारात गेली. मी नेली नाही, ती गेली.
लूम थांबवायचा तर मूठ ओढतात. बावीस वर्षांची सवय. समोर म्हैस आली, मी मूठ आवळून पिळली. रिक्षाची मूठ पिळली की वेग वाढतो. हे डिझाइन कोणी केलं त्याला माझ्यासमोर आणा. ब्रेक पायाशी ठेवलाय! स्टँडवरचे सगळे बघत होते. बाहेर काढायला आठ जण लागले आणि आठही जण हसत होते. म्हैस पण हलली नाही.
घरी येऊन कॅलेंडर बघितलं. रविवारचा राहुकाळ साडेचार ते सहा. मी निघालो पावणेपाचला. तरीच!
चूक सापडली. मन शांत झालं. यापुढे वार आणि वेळ बघितल्याशिवाय किल्लीला हात लावणार नाही.

मंगळवार, १२ फेब्रुवारी
अंबाडीला जाऊन ज्योतिषी जोशीबुवांना भेटलो. त्यांनी विचारलं, धंदा कुठून कुठे? म्हटलं, अंजूरहून भिवंडी, म्हणजे ईशान्येला. ते म्हणाले, सोमवार-शनिवार पूर्वेला दिशाशूल, म्हणजे तिकडे निघायचं नाही, मंगळवार-बुधवार उत्तरेला. म्हणजे ते चार वार मी लगेच खोडले. राहिले गुरुवार, शुक्रवार, रविवार. मी खूश. परत येताना जीपमध्ये डोक्यात आलं की रिक्षा नुसती जाणार नाही, परत पण येणार. परतीची दिशा नैऋत्य. गुरुवारी दक्षिण वर्ज्य, शुक्रवार-रविवारी पश्चिम वर्ज्य.
म्हणजे तीन वारी जाता येतं पण येता येत नाही. चार वारी येता येतं पण जाता येत नाही.
हे बुवांनी सांगायला नको होतं का? दक्षिणा तर लगेच घेतली.

बुधवार, १३ फेब्रुवारी
पुन्हा अंबाडी. बुवांवर ओरडलो. ते शांतपणे म्हणाले की रोजच्या धंद्याच्या फेऱ्यांना दिशाशूल धरत नाहीत. आणि मनाला लागतच असेल तर उपाय सोपे आहेत: सोमवारी आरसा बघून निघा, मंगळवारी गूळ खा, बुधवारी धणे, गुरुवारी दही. बुधवार व्यापाराला उत्तम, पुढच्या बुधवारी सुरू करा. मी विचारलं, दही खाल्ल्यावर गाडी गटारात जाणार नाही याची गॅरंटी? बुवा म्हणाले, गटाराचं मी कसं सांगू?
बघा. हे यांचं शास्त्र! शॉर्टकट सांगतात लोकांना. मी शॉर्टकटवाला माणूस नाही.

शनिवार, १६ फेब्रुवारी
एक गडबड. रविवारी गटारातून काढली तेव्हा मीटरवर १८ किलोमीटर होते. आज ३१. गाडी आठवडाभर अंगणात प्लास्टिकखाली उभी आहे! शोरूमवाल्याने खराब मीटर बसवला. फोन करून अर्धा तास बोललो. तो म्हणाला, उभ्या गाडीचा मीटर फिरत नाही. मी म्हटलं, माझा फिरतो. धनेश आणि क्षितिजा (मुलगी, टी. वाय. बी. कॉम.) आत जाऊन हसत होते. बापाची फसवणूक झाली तर यांना हसू येतं.

बुधवार, २० फेब्रुवारी
बुवांचा बुधवार. अंघोळ करून, खाकी शर्ट घालून तयार. धणे खाल्ले. सीटवर बसलो. रंगूबाई (शेजारीण) शिंकली. उतरलो.
हौसा म्हणाली, तिला बारा महिने सर्दी हाय. मी म्हटलं, मग बारा महिने गाडी निघणार नाही, माझा काय दोष? बोलता बोलता आवाज चढला असेल. रागावलो नव्हतो.
हौसाने भाजीची पाटी उचलली आणि लडकूच्या रिक्षातून बाजारात गेली. घरची रिक्षा दारात, आणि चांगदेवची बायको लडकूच्या रिक्षात! तिला एवढं कळू नये? निजामपुऱ्यात मेथी विकायला एक दिवस उशीर झाला तर मेथी काय मरते? (संध्याकाळी म्हणाली, हो, मरते.)

रविवार, २४ फेब्रुवारी
मीटर ५७. शोरूमवाला आता माझा फोन उचलत नाही. चोर.

बुधवार, २७ फेब्रुवारी
आज शंभर टक्के निघणार होतो. रंगूबाई बाजारात गेल्याची खात्री केली. प्लास्टिक काढलं. मागच्या सीटवर रंगूबाईची कोंबडी. खाली नऊ अंडी. हाकलली तर चोच मारली, अंगठ्याला.
कोंबडी खुडूक बसली आहे, अंडी उबवतेय. एकवीस दिवस. बसलेल्या जिवाला उठवून धंद्याची सुरुवात करायची? हे पाप मी करणार नाही. एकवीस दिवसांनी १९ मार्च. कॅलेंडर बघितलं तर बुधवारच! याला म्हणतात योग. आता तारीख फायनल. कोणी काही बोलायचं नाही.
हौसा बोलली. म्हणाली, सातही वारांना तुमी न्हाय बोलता, आता कोंबडीला इचारून धंदा करनार. मग भात वाढत म्हणाली, भ्यायला असाल तर तसं सांगा, कोनी हसनार न्हाय.
मी ताट सरकवून उठलो. भ्यायलो! मी! चालू लूममध्ये हात घालणारा माणूस!
सून भाविका तेवढी उठली. नववा महिना आहे तिला. ताट पुन्हा माझ्यापुढे आणून ठेवलं आणि गेली.

सोमवार, ३ मार्च
स्टँडवर गेलो नाही. तिकडे हल्ली मला 'पंचांग' म्हणतात. लडकूने नाव ठेवलंय. त्याला एकदा बघणार आहे. वार बघून.

शनिवार, ८ मार्च. दुपार
जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. नंतर कोणी वेगळं सांगेल.
सकाळी सव्वानऊला भाविकाला कळा सुरू झाल्या. डॉक्टरने पुढची तारीख दिली होती. धनेश ड्युटीवर. लडकूला फोन लावला, तो भाडं घेऊन कल्याणला. फाट्यावर कंटेनर आडवा झालेला, त्यामुळे स्टँडवर एकही रिक्षा नाही. हौसाने माझ्याकडे बघितलं. किल्ली माझ्याच खिशात होती.
मी म्हटलं, शनिवार आहे, नऊ ते साडेदहा राहुकाळ, पूर्वेला दिशाशूल. सव्वा तास थांबूया. हे मी बोललो. नाही कशाला म्हणू.
हौसा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने प्लास्टिक ओढून काढलं, कोंबडी उचलून माझ्या हातात दिली, अंडी पदरात घेऊन रंगूबाईला दिली आणि भाविकाला घेऊन मागे बसली.
कोंबडी काखेत धरून मी पुढे बसलो. किल्ली लावली. इंजिन चालू झालं. पुढे काही होईना. डोळ्यांसमोर गटार. सकाळपासून पोटात काही नव्हतं, त्यामुळे. मागे भाविका कण्हत होती. एकदा म्हणाली, बाबा, चला ना.
हात मुठीवर होता. मूठ पिळायची होती फक्त.
तेवढ्यात क्षितिजा आली. म्हणाली, बाबा, सरका. मी म्हटलं, तुला येतं? ती म्हणाली, तुम्ही अंबाडीला, कुठे बाहेर जायचात तेव्हा दादाने शिकवलं, दुसऱ्या किल्लीने, गोडाऊनच्या मैदानात.
मी उतरलो. सरकायचं होतं, मी उतरलोच. तिने लगेच गाडी काढली. वळणावर हॉर्न वाजवला, फाट्याचा रस्ता सोडून शेतातल्या कच्च्या वाटेला लागली आणि दिसेनाशी झाली. मीटर कशाने फिरत होता ते तेव्हा कळलं. शोरूमवाल्याला चोर म्हटलं होतं.
अंगणात मी आणि कोंबडी. रंगूबाई बघत होती. शिंकली पण.

त्याच दिवशी, रात्री ८
लडकू कल्याणहून आला तसा मला घेऊन हॉस्पिटलला आला. रस्ताभर मी वाट बघत होतो. मला वाटलं आता हसेल, मग हसेल. हसला नाही. उतरताना म्हणाला, पहिल्या वर्साला मी पन तीनदा गटारात गेलतो, चांगदेव. हे सत्तावीस दिवस आधी सांगायला काय झालं होतं त्याला? राग आला. पण फार वेळ टिकला नाही.
मुलगी झाली. दहा वाजून पाच मिनिटांनी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून अर्धा तास उशीर केला असता तर अवघड होतं, नाळ गळ्याभोवती होती. मी हिशेब केला. साडेदहाला निघालो असतो तर अकराच्या पुढे पोचलो असतो.
पुन्हा हिशेब केला. तेच आलं.
बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. हौसा चहा घेऊन आली. मी म्हटलं, मी भ्यायलो होतो. ती म्हणाली, ठाऊक हाय, चहा घ्या.

सोमवार, १० मार्च
पहाटे पाचला उठून मैदानात गेलो. क्षितिजाने शिकवलं. दोनदा तिच्यावर ओरडलो. तिसऱ्यांदा तीच माझ्यावर ओरडली. ब्रेक पायाशी. ब्रेक पायाशी. ब्रेक पायाशी.

मंगळवार, ११ मार्च
भाविकाला आज घरी सोडणार होते. धनेश ड्युटीवर. क्षितिजाकडे लायसन नाही, काल फाट्यावर हवालदाराने अडवून दम दिला. लडकू म्हणाला, मी आणतो. पण भाविकाने निरोप पाठवला होता: बाबांच्या रिक्षातून येणार, नाहीतर इथेच राहीन.
काही न बघता निघालो. लडकू स्टँडपासून हॉस्पिटलपर्यंत त्याची रिकामी रिक्षा घेऊन माझ्यापुढे चालला. मला रस्ता माहीत आहे हे त्याला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.
परत येताना मागे भाविका, बाळ आणि हौसा. निघण्याआधी भाविका म्हणाली, बाबा, सावकाश चालवा, मला टाके आहेत. तेच कारण. टाके. नाहीतर मी गाडी पळवणार होतो. खड्डा दिसला की थांबत होतो. नसला तरी थांबत होतो, पुढे असू शकतो. मागून टेम्पोवाले हॉर्न वाजवत होते, एक जण हिंदीत माझ्या आईबद्दल बोलला. मी त्याला उत्तर दिलं नाही, दोन्ही हात कामात होते. एक सायकलवाला पुढे गेला. मग एक दूधवाला. मग एक बैलगाडी. बैलगाडीवाल्याने विचारलं, काय, पेट्रोल संपलं?
गटाराजवळ आलो. हळू झालो. अजून हळू झालो. पार केलं. कोणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. म्हैस तिथेच होती.
गावाच्या कमानीपाशी हौसा म्हणाली, जरा थांबवा. मी म्हटलं, थांबलेलीच आहे. ती उतरली. म्हणाली, तुमी या सावकाश, मी चालत जाऊन पानी तापवत ठेवते.
घरी पोचलो तेव्हा पाणी तापलं होतं, पोरीच्या अंघोळीची तयारी झाली होती, आणि हौसा शेजारच्या चार बायकांबरोबर दारात उभी होती. चहा पिऊन झालेला. कपसुद्धा धुतलेले.