माइकवरचं "आता या"

रविवार, संध्याकाळ

गाणी वाजवायला सांगा, वाजवतो. पण माइकवर बोलायचं म्हटलं की हा डीजे मागच्या मागे पळतो! आज जामबागच्या रिसेप्शनला नवरीच्या तेलुगू वडिलांनी माइक हातात दिलाच. नवरा मराठी, म्हणून मराठीत ओरडलो, "आता या! नाचायला आता या!"

नवरीकडच्यांना ऐकू आलं "अत्तय्या", म्हणजे त्यांच्या भाषेत सासूबाई. मानपानावरून सकाळपासून रुसून बसलेल्या नवऱ्याच्या आईला त्यांनी "डीजे तुम्हाला बोलावतोय" म्हणत हाताला धरून, टाळ्या वाजवत मध्ये आणलं. मी गारच! आता शिव्या पडणार? छे, बाई मनसोक्त नाचल्या.

निघताना म्हणाल्या, "एवढ्या लोकांत तूच एकट्याने मला बोलावलंस रे, बाळा." खरं सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी त्यात लाडूच कोंबला.