शब्द आणि आमिष

सर,

तुम्ही नेहमी म्हणायचात, आधी निकाल सांग, रडगाणं मागून गा. तर निकाल असा, की काल आमच्या क्लबात ठराव मंजूर झाला. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या प्रशिक्षकांना इथून पुढे आमच्या मैदानावर निवड शिबिर घेता येणार नाही. मी त्या सभेत होते आणि धड काही बोलले नाही. तुम्ही म्हणाल, जर्मनीत एर्लांगेनला बसून तुझा कसला क्लब आणि कसलं शिबिर? सांगते. माझी लेक सतरा वर्षांची आहे, फ्लॅग फुटबॉल खेळते. कमरेला दोन पट्ट्या लटकवलेल्या असतात, चेंडू घेऊन पळणाऱ्याची पट्टी ओढली की खेळ तिथेच थांबतो. धडक नाही, पाडापाडी नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी म्हटलं, अगंबाई, ही तर आपल्या कबड्डीची चुलतबहीण, फक्त दम घुमवायचा नाही. अमेरिकेतली काही कॉलेजं आता मुलींना या खेळावर प्रवेश देतात, राहायची सोय करतात, आणि त्यांचे प्रशिक्षक आपलं आवार सोडून इकडे येतात, एका दिवसाचं शिबिर घेतात, मुली हेरतात. या उन्हाळ्यात आमच्याकडे येणार होते. लेक वर्षभर त्या एका दिवसासाठी पळत होती.

ठराव मांडणारे काही दुष्ट नव्हते. ट्रेनर म्हणाली, वर्षानुवर्षं आम्ही घडवायचं आणि यांनी एका दुपारी येऊन उचलून न्यायचं; शिवाय तिकडे गुडघा गेला तर मुलीला बघणार कोण? गेनाऊ, गेनाऊ, अगदी बरोबर, म्हणत सगळ्यांनी माना हलवल्या. सर, हेच वाक्य मी आपल्या विद्यापीठाच्या चौकशी समितीपुढे ऐकलं होतं, फक्त मराठीत.

तुम्ही तालुक्याच्या शाळेच्या मैदानावर आलात तेव्हा मी नुकतीच दहावी झाले होते. शहरातल्या कॉलेजचे क्रीडाशिक्षक आमच्या गावात! दोन दिवस आम्हाला मातीत लोळवलंत आणि तिसऱ्या दिवशी थेट आमच्या वस्तीत, आमच्या घरी. आई शाळेत खिचडी शिजवायची, तेव्हा नुकतीच येऊन ती चुलीपाशी बसली होती. घरात दूध नव्हतं. तिने कोरा चहा केला आणि कप पुढे करताना जरा थबकली, कारण गावातले मास्तर आमच्या वस्तीत चहा घेत नसत. तुम्ही तिथेच फतकल मारून बसलात आणि दुसरा कप मागून घेतलात. मग म्हणालात, पोरगी माझ्याबरोबर द्या, प्रवेश आणि हॉस्टेल माझ्याकडे लागलं. आई बराच वेळ लाकडं आत-बाहेर करत राहिली. शेवटी म्हणाली, "सर, तुमच्या शब्दावर पाठवते. नाहीच जमलं तिला, तर कुणाच्या सोबतीनं धाडू नका. तुम्ही स्वतः आणून सोडा." तुम्ही म्हणालात, "दिला शब्द." बास. कागद नाही, सही नाही.

तो शब्द माझ्याबाबत पाळायची वेळच आली नाही, पण माझ्याबरोबर निवडलेल्या मैत्रिणीच्या आईलाही तुम्ही तोच दिला होता. तिचा गुडघा पदवीच्या दुसऱ्या वर्षी गेला. ती खेळत नाही म्हटल्यावर कॉलेजने तिची खोली काढून घेतली. तुम्ही प्राचार्यांशी भांडलात, आणि भांडून काही होईना तेव्हा एसटीने स्वतः तिला घरी नेऊन पोचवलंत, तिची पत्र्याची ट्रंक तुमच्या खांद्यावर. बाकीच्या कॉलेजांना आयतं कोलीत मिळालं. हा माणूस खेड्यापाड्यांतून मुली पळवतो आणि मोडल्या की परत टाकतो, अशी ओरड झाली आणि विद्यापीठाने समिती बसवली.

नेमकं त्याच आठवड्यात तुम्ही मला संघातून काढलंत. डावा कोपरा तीन वर्षं माझा होता, तो तुम्ही शिबिरातून आणलेल्या नव्या मुलीला दिलात. वर सगळ्या संघासमोर म्हणालात, "तुझे पाय आता पुस्तकात गेलेत. तिथंच राहू दे त्यांना." अस्सं झोंबलं मला! आज कळतं, तुम्हाला मला एमएस्सीकडे ढकलायचं होतं. तेव्हा वाटलं, काम झालं, द्या फेकून. त्या रागातच मी समितीपुढे गेले. त्यांनी विचारलं, तू या कॉलेजात कशी आलीस? मी खरं तेच सांगितलं, सरांनी आईला शब्द दिला होता. कारकुनाने लिहून घेतलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. त्यावर होतं, 'सदर प्रशिक्षकांनी पालकांना प्रवेशाचे आमिष दाखवले.' मी सही केली. कॉलेजच्या आवाराबाहेर शिबिरं घ्यायला बंदी आली, आणि तुमच्याकडे क्रीडासाहित्याच्या खोलीची किल्ली तेवढी उरली. आमच्या तालुक्यातून त्यानंतर एकही मुलगी कबड्डीवर त्या कॉलेजात गेली नाही.

जर्मनीला निघताना मी पेढे घेऊन त्या खोलीत आले होते. तुम्ही व्हॉलीबॉलच्या जाळ्याच्या गाठी सोडवत बसला होतात. मी म्हटलं, सर, त्या कागदावर मी न वाचता सही केली हो. तुम्ही वर न बघता म्हणालात, "वाचत जा गं सही करताना. तिकडे जर्मनीत तर फार कागद असतात म्हणे." आणि हसलात. इथे घराचा करार असो की व्हिसाचा फॉर्म, मी एकेक ओळ वाचते. ऑफिसातले चिडवतात मला त्यावरून. तुम्ही गेल्याचं मला मैत्रिणींच्या ग्रुपवर कळलं, चार दिवस उशिरा, दोन मीटिंगांच्या मधल्या वेळात. त्या दिवशी दुसऱ्या मीटिंगला मी गेले नाही.

तर कालची सभा. मी अशाच एका शिबिरातून इथवर आले हे ट्रेनरला माहीत आहे. ती म्हणाली, तुम्हीच सांगा, तुम्हाला अनुभव आहे. सगळे वळून बघायला लागले. लेक मागे भिंतीला टेकून उभी होती. मला आईचं आणि तुमचं तेवढं बोलणं सांगायचं होतं, दोन मिनिटांचं काम. मी म्हणाले, प्रश्न अवघड आहे, दोन्ही बाजूंनी बोलता येईल. मग हात वर करून मतदान झालं. आधी बाजूने, मग विरोधात, मग तटस्थ. मी तटस्थांमध्ये हात वर केला. माझ्या एका मताने काही फरक पडला नसता, पण बोलले असते तर कदाचित पडला असता.

सायकलने घरी येताना लेक पुढे, मी मागे. सिग्नलला थांबल्यावर तिने विचारलं, जर्मनमध्येच विचारते ती सगळं, तू का नाही बोललीस? मी म्हटलं, "अगं, ठरावाची ती कायद्याची भाषा, मला नीट कळलीच नाही." ती म्हणाली, "आई, तू तर प्रत्येक कागद वाचतेस." सिग्नल सुटला आणि ती निघून गेली. कालपासून तिच्या खोलीचं दार बंद आहे.

सर, मला सगळं कळलं होतं. समितीचा तो कागदही मी वाचला होता, दोनदा. आमिष या शब्दावर बोट ठेवून वाचला होता आणि मग सही केली होती. तुम्हालाही ते ठाऊक असणार, नाहीतर तुम्ही वर बघितलं असतं. तेव्हा मला राग होता, काल तेही निमित्त नव्हतं. शिबिर झालं असतं तर ती निवडली गेली असती, इतकं मला खेळातलं कळतं. पुढच्या वर्षी समुद्रापलीकडे गेली असती, आणि मला ती जायला नको होती. माझ्या आईला तरी माझ्यावाचून कोण होतं? पण तिने पाठवलं.

हे पाठवायचं कुठे, हा प्रश्नच नाही. टेबलावर असंच ठेवणार आहे, लपवायची गरज नाही. लेकीला मराठी बोललेलं सगळं समजतं, वाचता मात्र एक अक्षर येत नाही. हे तिला तोंडाने सांगायला हवं होतं सर; ते जमलं नाही, म्हणून तुम्हाला लिहून काढलं.