खालचं भोक

मंगळवार, १४ तारीख

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद. इकडे बाबा आणि मी ठीक आहोत. तुम्हीही वेळेवर जेवत असाल असं धरून चालते. शेडच्या पत्र्याला रंग दिला. बाबांचा गुडघा पूर्वीसारखाच कुरकुरतो, आणि बाबाही. तुमच्या खोलीची खिडकी मी रोज उघडते.

यांचा जीव गेला ती बोट परत आली. चौकशी समितीने सात महिन्यांनी सोडली. दोन्ही इंजिनं मागच्या फळीवर होती तशीच आहेत. बुधवारी बाबा ती उतरवायला बसले, मी पाने देत होते. इंजिन किती उंचीवर बसवायचं यावरून तुम्हा भावांची रोज जुंपायची. हे म्हणायचे, "इंजिन म्हणजे चष्मा. घसरला तर जड, चढवला तर आंधळा." आणि तुम्ही, "दादा, आधी स्वतःचा चष्मा पूस."

बाबांनी पट्टी लावून पंख्याची उंची मोजली. "एक भोक वर. एवढ्या लाटांत! तुझ्या या गाढव दिराला सांगितलं तरी कोणी?"

मी पाना पुसत राहिले.

शर्यतीच्या सकाळी यांचा फोन मी घेतला होता. तुमचे हात ग्रीसने भरलेले होते. वारा वाढलाय, इंजिनं एक भोक खाली घ्यायला सांग, एवढंच ते बोलले. मी शेडच्या दारातून ओरडले, "खालचं भोक घ्या म्हणतायत."

"खालचं? नक्की?"

"नक्की. तुमच्या दादांच्या शब्दावर आता माझी सही हवी का?"

तुम्ही हसलात आणि बोल्ट काढायला वाकलात.

भोकं इंजिनाच्या ब्रॅकेटमध्ये असतात, त्यामुळे बोल्ट खालच्या भोकात घातला की इंजिन वर चढतं, हे या घरात अकरा वर्षं राहून मला माहीत नव्हतं. समितीच्या माणसाने कागदावर पाच भोकं काढून दाखवली तेव्हा कळलं. वळणावर पंखे पाण्याबाहेर आले आणि बोट उलटली, असं तो म्हणाला. कोणी सांगितलं, असं त्याने विचारलं. तुम्ही म्हणालात, "माझाच अंदाज चुकला." मी शेजारच्या खुर्चीवर होते. समोर पाण्याचा ग्लास होता, तो मी संपवला.

त्या संध्याकाळी बाबा तुम्हाला म्हणाले, "माझ्या शेडमधल्या पान्याला पुन्हा हात लावू नकोस." तेव्हा मी भांडी विसळत होते. तुम्ही बॅग घेऊन निघालात, तेव्हाही.

गुरुवारी मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "एवढासा शब्द." त्यानंतर माझ्याशी बोललेले नाहीत. ताट वाढलं की जेवतात. समितीलाही आज पत्र टाकलं आहे.

काल बाबांनी तुमचे पाने रॉकेलने धुतले, तेल लावलं आणि तुमच्या खिळ्यांना एकेक करून अडकवले. मला काही सांगितलं नाही. मी त्याचा अर्थ लावत नाही. पाहिलं ते जसंच्या तसं कळवते आहे.

माफ करा असं लिहीत नाही. तेही ओझं तुम्हीच उचलाल.

निरोप देणारी,
वहिनी