हात गुडघ्यावर

पाइन क्रॉसिंग, ९ ऑक्टोबर १९८३

ती. ओल्गामावशीस दार्काचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. नोकरी मिळाली यात माझी काही कर्तबगारी नाही. मॅनिटोबाच्या या टोकाला यायला दुसरं कुणी तयारच नव्हतं. इथल्या शाळेत आपल्या लेस्यासारख्या मतिमंद मुलांचा वर्ग यंदाच सुरू झालाय. मिसेस कॅलवर्ट वर्गाच्या मुख्य बाई, आणि मी त्यांच्या हाताखाली.

माझ्या वाट्याला गार्थ नावाचा नऊ वर्षांचा मुलगा आलाय. बोलत नाही. पहिल्याच दिवशी मनगटाला असा कडकडून चावला की सही करताना अजून दुखतं. दिवसभर बोटं डोळ्यांसमोर धरून नाचवत असतो, आणि दार उघडं दिसलं की थेट हायवेकडे धाव ठोकतो. गेल्या महिन्यात लाकडं वाहणाऱ्या एका ट्रकखाली येता येता वाचला. आता पुन्हा पळाला तर त्याला दूरच्या सरकारी संस्थेत पाठवायचं, असं ठरलंय. तिथे गेलेलं मूल घरी परत आलेलं इथे कुणी पाहिलेलं नाही. त्याची आई, आयरीन, मला गाठून म्हणाली की बाई, काय वाट्टेल ते कर, पण माझ्या पोराला एका जागी बसायला शिकव.

त्याच्याजवळ धड हातमोजे नाहीत. तू विणून देशील का? पाच बोटांचे नकोत, त्याला घालता येत नाहीत. नुसता अंगठा वेगळा असलेले पुरे.

लेस्याला माझा पापा. लोभ आहे तसाच ठेव.

तुझी,
दार्का


विनिपेग, २० ऑक्टोबर १९८३

चि. दार्कास अनेक आशीर्वाद.

हातमोजे पाठवते आहे, लाल लोकरीचे, म्हणजे बर्फात पडले तरी दिसतील. मनगटाला औषध लाव. तुझी आई असती तर तिने तुला आधी बँकेत चिकटवलं असतं, पण तू लहानपणापासून हट्टी.

आमच्या घरी लेस्याचा नन्नाचा पाढा जोरात चालू आहे. तिशी उलटली तरी ओट्सची लापशी नको, आंघोळ नको, चर्चमध्ये तो निळा कोट नको. रविवारी पाद्रीबाबांनी हात पुढे केला तर तोही नको म्हणाली. शेजारणी म्हणतात, लेकीला डोक्यावर चढवून ठेवलीस. चढवली तर चढवली. मी मेल्यावर तिच्याजवळ तिचं हे ‘नाही’च तेवढं राहणार आहे.

गार्थच्या आईला सांग, विनिपेगमधली एक बाई तिची रोज आठवण काढते.

तुझी मायेची,
ओल्गामावशी


पाइन क्रॉसिंग, २७ नोव्हेंबर १९८३

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तुझी भाची आता गावात प्रसिद्ध आहे, हसू नकोस. गार्थ बसायला लागला! मिसेस कॅलवर्टनी एक पद्धत शिकवली. लाल कार्ड समोर लावलं की बसायचं, हात गुडघ्यावर, हालचाल बंद. हिरवं कार्ड दाखवलं की उठायचं आणि एक मनुका मिळणार. सुरुवातीला हात दाबून धरावे लागायचे. आता कार्ड पाहताच बसतो. मधल्या सुट्टीत कुंपणाजवळच्या बाकावर बसवते. भोवती मुलं बर्फात धिंगाणा घालत असतात आणि हा आपला गुमान बसलेला. बोटं नाचवणंही सुटलं. परवा मिसेस कॅलवर्टनी स्वतः उठ म्हणून पाहिलं, आयरीननेही हाक मारली, पठ्ठ्या जागचा हलला नाही. माझं हिरवं कार्ड दिसलं तेव्हाच उठला. आयरीन माझ्या गळ्यात पडून रडली. संस्थेचं नाव आता कुणी काढत नाही.

आणि मुख्य बातमी अशी, की १० जानेवारीला तुमच्या विनिपेगमध्ये नव्या मदतनीस बायकांसमोर मी ही पद्धत करून दाखवायची आहे. म्हणजे आपल्या सात जानेवारीच्या नाताळाला तुझ्या घरी येते. कुतिया, आपली ती गव्हाची खीर, माझ्यासाठी ठेव, खसखस सढळ हाताने घाल.

तुझी,
दार्का


विनिपेग, ८ डिसेंबर १९८३

चि. दार्कास आशीर्वाद.

ये. गहू आत्ताच निवडून ठेवलेत. लेस्या तुझ्यासाठी पलंगाची अर्धी बाजू सोडणार आहे, म्हणजे तसं आज तरी म्हणते.

तुझ्या यशाचं कौतुक वाटलं. एक विचारू का? तो आपणहून कधी उठतो? तू आजारी पडलीस तर त्याला कोण उठवणार? मी काही शिकलेली नाही, राग मानू नकोस. पण ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याच्या ‘हो’ची मला भीतीच वाटते. आलीस की बोलू.

तुझी,
ओल्गामावशी


पाइन क्रॉसिंग, १९ जानेवारी १९८४

ती. मावशीस.

फोन तुझ्याच घरी आला, तेव्हा अर्धं तुला ठाऊक आहे. उरलेलं लिहिते.

माझ्या जागी रीटा नावाची बदली बाई होती. मधल्या सुट्टीत तिने मी सांगितल्याप्रमाणे त्याला बाकावर बसवलं, लाल कार्ड लावलं. घंटा झाली. हिरवं कार्ड सापडेना. ते माझ्या कोटाच्या खिशात होतं, मावशी. तुझ्या दारामागे खुंटीला टांगलेल्या कोटाच्या. रीटाने हाका मारल्या, धरून ओढलं, तर तो किंचाळायला लागला. त्या झटापटीत उजवा हातमोजा गळून पडला. बाकीची मुलं कुडकुडत होती. थंडी वाजली की येईल आपणहून, असं म्हणून ती त्यांना घेऊन आत गेली. आत एका मुलीला फेफऱ्याचा झटका आला आणि सगळे तिच्याभोवती धावले.

बऱ्याच वेळाने कुणाला तरी तो खिडकीतून दिसला. बाकावर ताठ बसलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर. तू विणलेला हातमोजा पायाशीच पडला होता. तो उचलायचा तर हात गुडघ्यावरून काढावा लागला असता.

उजव्या हाताची चारही बोटं थंडीने गोठून मेली होती, काढावी लागली. अंगठा वाचलाय.

शाळेने रीटाला काढून टाकलं. मिसेस कॅलवर्ट म्हणतात की तू मनाला लावून घेऊ नकोस, मुलगा तर अगदी शिकवल्याप्रमाणे वागला. हॉस्पिटलात आयरीनने माझा हात धरला. मला वाटलं शिव्या देईल. तिने विचारलं, तो पळाला तर नाही ना, मग आता त्याला पाठवणार नाहीत ना? मी तिथून निघून आले.

मी नोकरी सोडते आहे. अंडी भरायच्या कारखान्यात जागा आहे म्हणतात. तू विचारलं होतंस, आणि नाताळात मी तो विषय हसून उडवला.

दार्का


विनिपेग, २६ जानेवारी १९८४

चि. दार्का,

पत्र वाचून रडले आणि मग तुझा राग आला. राग आधी लिहिते. तू अंडी भरायला जाशील, आणि ते पोर जन्मभर त्या बाकावरच बसून राहील. दुसऱ्या कुणाच्या सांगण्याने ते उठत नाही, हे तूच मला मोठ्या अभिमानाने लिहिलं होतंस. जायचं असेल तर खुशाल जा, पण त्याला उठायला शिकवून जा. बसायला शिकवण्यापेक्षा ते अवघड जाईल, आणि त्याचं कौतुक कुणी करणार नाही.

लेस्याला मी सगळं सांगितलं. तिने विचारलं की मग तो ‘नाही’ का म्हणाला नाही. तिला काय सांगू? तुझ्याकडे उत्तर असलं तर कळव.

तुझ्यावर माया आहे, म्हणून एवढं बोलले.

ओल्गामावशी


पाइन क्रॉसिंग, २५ मार्च १९८४

ती. मावशीस नमस्कार.

लेस्याच्या प्रश्नाला उत्तर सापडलं नाही, म्हणून उशीर झाला. कारखान्यात गेले नाही.

गार्थ शाळेत यायला लागलाय. मला पाहिलं की कुणी न सांगता बसतो आणि हात गुडघ्यांवर ठेवतो, पट्टी बांधलेला हातसुद्धा. लाल कार्ड मी भट्टीत टाकलं. काही उपयोग झाला नाही, आता त्याला मी दिसले तरी पुरतं. हिरवं दाखवलं असतं तर लगेच उठला असता, म्हणून तेही जाळलं. वर्गाच्या दाराला आतून उंच कडी लावून घेतली, आणि मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसून तो आपणहून उठण्याची वाट पाहते. मिसेस कॅलवर्ट म्हणतात की हाती आलेलं यश मातीत घालते आहेस, तो पुन्हा पळाला तर संस्थेला मीच पत्र लिहीन. आयरीनच्या कानावर हे गेल्यापासून ती माझ्याशी बोलत नाही. यात तिचं काय चुकलं?

शुक्रवारी त्याचा डावा हात गुडघ्यावरून उचलला गेला. डोळ्यांसमोर आला, बोटं नाचायला लागली. मग उजवा वर आला. त्याचा अंगठा तेवढा हलला. त्याने तो हात उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, पुन्हा उलटा केला. बाकीची बोटं तो शोधत होता. मी हात खाली म्हटलं नाही. मानही फिरवली नाही.

लेस्याला सांग, त्याने अजून ‘नाही’ म्हटलेलं नाही. ज्या दिवशी म्हणेल, त्या दिवशी पहिलं तिलाच कळवीन. नवे हातमोजे विणशील तर उजवाही डाव्याएवढाच विण, आयरीनला तसेच हवे असतील.

लोभ ठेवता आला तर ठेव.

तुझी,
दार्का