अक्काची दुसरी खेप

११ नोव्हेंबर
अक्काला इमर्जन्सीत नेलं. हुडहुडी अशी, की दोन पांघरुणं घालूनही पलंग वाजत होता. लघवीतला संसर्ग निघाला. सलाईन, इंजेक्शन. ताप उतरला आणि जीभ सुटली! चष्मेवाल्या डॉक्टरीणबाईंना म्हणे, "जेवतेस की नुसती औषधंच खातेस? किती वाळलीस!"
बाई हसल्या. "आजी, आजचा दिवस इथंच राहिलात तर बरं."
"कशाला? हा भाऊ आहे ना माझा. आई गेली तेव्हा एवढासा होता, मी वाढवला. आता खोक्यांचा कारखाना चालवतो. बहीण सांभाळता येत नाही होय?"
झालं! छाती फुगली, मान डोलावली. बाईंनी दारापर्यंत येऊन बजावलं — लघवी कमी झाली, ग्लानी आली, वागण्याबोलण्यात फरक वाटला, तर तडक या. विचार करत बसू नका.

१२ नोव्हेंबर
ताप नाही. घरात चक्क शांतता! हिच्या चहाला अक्काने नावं ठेवली नाहीत. ही खूश — "औषध गुणकारी आहे हो! आणखी एक बाटली आणून ठेवा." मीही हसलो. दुपारी कारखान्यातून फोन केला, तर म्हणाली, "झोपल्यात. झोपू द्या बिचाऱ्यांना."
 

त्याच दिवशी, संध्याकाळी. दवाखान्यातल्या बाकावर.
घरी आलो तर जिन्यातच ऐकू आला — अक्काचा श्वास. चढण चढून आल्यासारखा, आणि ती पलंगावर पडलेली. म्हटलं, "काय अक्का, भांडायला कोणी मिळालं नाही वाटतं आज?"
गोड हसली. "अहो भाऊसाहेब, आमचा धाकटा शाळेतून आला नाही अजून. कोपऱ्यापर्यंत बघून येता का जरा?"
धाकटा म्हणजे मी! फरक सकाळपासूनच पडला होता की, पण आम्हाला तो सुखाचा वाटला.
हिला विचारलं, लघवीला कधी गेली होती? ही आठवतच राहिली. सकाळी...
गाडी काढली.
आत घेतलंय. रक्तदाब पार खाली गेलाय. पडद्याआड नर्स बोलत होत्या, "कालचीच ना गं ही?" "हो. परत आली." "आणली तरी. काहींचे आणतही नाहीत."
आता अतिदक्षता विभागात नेतायत.

१३ नोव्हेंबर
संसर्ग रक्तात उतरलाय. घशात नळी, श्वास मशीनचा. चष्मेवाल्या बाई वर येऊन गेल्या. "परवा ठेवूनच घ्यायला हवं होतं मी." म्हटलं, "तुम्ही म्हणाला होतात बाई. हट्ट तिचा आणि डोलली माझी मान."
शेजारी एक पेंटर बसतो. त्याचा बाप दमेकरी, घरी जाऊन जाऊन आता तिसऱ्यांदा आत आलाय. म्हणाला, "काका, आम्ही इथली कायमची गिऱ्हाइकं. दवाखान्याची पाटी फुकट रंगवून देतो म्हटलं, फक्त बापाला एकदा पक्कं बरं करून पाठवा!" हसलो दोघं. मग तो भिंतीकडे तोंड करून बसला.

१४ नोव्हेंबर
आत सोडलं, क्षणभरच. नळी उपटू नये म्हणून हात पलंगाला बांधलेत. माझं डोकं विंचरणारे हात! नर्स म्हणाली, "बोला त्यांच्याशी, ऐकू येत असेल." आयुष्यभर बोलून माल खपवला. एक शब्द फुटला नाही.

१५ नोव्हेंबर
तसंच.

१६ नोव्हेंबर
लघवी व्हायला लागली! डॉक्टरांनी सांगितलं आणि मी पेंटरला मिठी मारली. कशासाठी, तर लघवीसाठी! तोही "वा वा" म्हणाला. त्याचा बाप अजून आतच आहे.

१८ नोव्हेंबर
नळी काढली. आवाज घोगरा, पण मला नावाने हाक मारली. बाहेर येऊन हिला फोन केला, दोघंही नुसते रडलो.

२१ नोव्हेंबर
वॉर्डात आणलं. ही पाणी भरायला गेली, तेवढ्यात अक्काने मनगट धरलं. काळे-निळे वळ अजून आहेत तिच्या हातांवर.
"मला सगळं कळत होतं तिथं. ओरडता येत नव्हतं. परत असं झालं तर आणू नकोस रे. घरीच जाऊ दे मला. शब्द दे."
धंद्यात दिलेला शब्द एकदाही मोडला नाही मी. हे तिलाही ठाऊक आहे, म्हणून तर मागितला.
दिला.
हा मोडणार.