लोकर, स्थितिक विद्युत आणि तुमची धाकटी बहीण

ती. अक्कांस,

तुम्हांला आणि साडूभाऊंना नमस्कार. तुमच्या चष्म्याचा नवा नंबर डोळ्यांना मानवला का, आणि साडूभाऊ औषध घेतात की नुसते घेतल्याचे सांगतात, हे सवडीने कळवावे. येथे मी कुशल आहे, म्हणजे शरीराने. मनाचीही विचारपूस करण्याची रीत असती, तर पुढचा मजकूर इतका लांबला नसता.

तुमची धाकटी बहीण आठवडाभर तुमच्याकडे आहे. लोकरीच्या पिशव्या घेऊन ती तुमच्या दारात उभी राहिली तेव्हा तिने काय सांगितले असेल, याची मला कल्पना आहे, आणि त्यात असत्य काहीही नसेल. (ती खोटे बोलत नाही, वगळते.) वगळलेला भाग मी येथे देत आहे. हे फोनवरही सांगता आले असते, परंतु जाताना तिने उंबरठ्यावरून मला बजावले की यंत्र सुरू झाल्याशिवाय फोन करायचा नाही. पत्राबद्दल ती काही बोललेली नाही, आणि जे निषिद्ध नाही ते करण्यास मी मोकळा आहे.

मुळात तिचा जुना संगणक बंद पडला. तिच्या विणकामाच्या नमुन्यांचे पुस्तक महिनाअखेर प्रकाशकाकडे जायचे आहे, आणि त्यातले निम्मे तक्ते त्या संगणकाच्या डिस्कमध्ये अडकले आहेत. डिस्क धडधाकट आहे. ती वाचायला नवे यंत्र हवे, एवढेच. तिचे म्हणणे होते की दुकानात जाऊन तयार संगणक आणावा आणि त्याच संध्याकाळी कामाला बसावे. मी म्हणालो की तयार संगणक म्हणजे दुसऱ्याने घाईघाईत केलेल्या चुकांचा बंद डबा, आणि सुटे भाग आणून तो घरीच जोडण्याचे मी अंगावर घेतले. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला चार खाचांत चार पट्ट्या बसवता येऊ नयेत, असे कोणी म्हणणार नाही. (ती म्हणाली. पण ते वेगळ्या संदर्भात.)

जोडणीपूर्वी मी या विषयाचा करावा तसा अभ्यास केला आणि माझी झोप उडाली. अक्का, गालिच्यावरून चार पावले चालणाऱ्या सभ्य गृहस्थाच्या अंगावर किती विद्युतभार साठतो, याची तुम्हांला कल्पना नसेल. दाराच्या कडीला हात लावल्यावर बसणारा चटका हा त्यातला रांगडा प्रकार झाला. संगणकाचा नाजूक भाग तर माणसाला जाणवतही नाही इतक्या ठिणगीने मरतो. किंवा मरत नाही, अर्धमेला होतो आणि ऐन कामाच्या वेळी दगा देतो. पुस्तक महिनाअखेर जायचे असताना मी असा अर्धमेला संगणक तिच्या पदरात घालणे शक्यच नव्हते. म्हणून मी घराची शिस्त लावली. गालिचा गुंडाळून बैठकीत उभा केला. नायलॉनचे पडदे काढले. (त्यामुळे समोरच्या घरातल्या दंतवैद्यांना आमचे सर्व व्यवहार दिसू लागले आणि ते सल्ला देण्यासाठी ये-जा करू लागले. पडद्याचे खरे प्रयोजन मला तेव्हा कळले.) हवा कोरडी राहू नये म्हणून खुर्च्यांच्या पाठींवर ओले टॉवेल टाकले. मी स्वतः ऐन थंडीत सुती सदरा घालून अनवाणी वावरत होतो, आणि याबद्दल मी कोणाकडे तक्रार केली नाही.

राहिली लोकर. तुमच्या बहिणीचे पोट तिच्यावर चालते हे मला मान्य आहे, परंतु कामाच्या खोलीतले भिंतभर कपाट लोकरीनेच भरलेले, आणि त्यातही बहुतेक धागा कृत्रिम. स्थितिक विद्युतेने माहेर म्हणून निवडावे असे ते कपाट होते. मी ते स्वतःच्या हातांनी रिकामे केले आणि लोकर, प्लॅस्टिकची सगळी वेष्टने, यंत्रासोबत आलेल्या पिशव्या, असे जे जे घासले असता भार निर्माण करते ते ते सरसकट बाल्कनीत नेऊन ठेवले. बाल्कनीत दव पडते हे मला ठाऊक होते. लोकर ते इतके मनावर घेईल, हे ठाऊक नव्हते.

आता मनगटी पट्ट्याविषयी, कारण त्याची हकिगत तुमच्याकडे नक्कीच तिखटमीठ लावून पोहोचली असेल. हा पट्टा मनगटाला बांधायचा आणि त्याच्या वायरीचा चिमटा मोकळ्या धातूला लावायचा, म्हणजे अंगावरचा भार साठत नाही. मी सुटे भाग घेऊन स्वयंपाकघरात बसलो, चिमटा तिथल्या नळाला लावला आणि ते हाताळू लागलो. बऱ्याच वेळाने, भाजी परतत, मागे वळून न पाहता तुमची बहीण म्हणाली, "अहो, गेल्या वर्षी भिंतीतले पाइप प्लॅस्टिकचे बसवून घेतलेत ना तुम्हीच?" ही माहिती तिला सुरुवातीपासून होती. मग मी कामाच्या खोलीत परतून टेबलावरच्या संगणकाच्या लोखंडी पेटीला चिमटा लावला, जसा तो लावायचाच असतो, आणि तेवढ्यात दाराची घंटा वाजली. मी तत्परतेने उठलो. पेटीही माझ्यामागोमाग उठली. टेबलाच्या कडेवरून ती खाली येणार, इतक्यात आत शिरलेल्या दंतवैद्यांनी तिला दोन्ही हातांनी, पोटाशी धरून, झेलले. त्यांनी अंगात काय घातले होते, तर कृत्रिम लोकरीचे जाकीट. मी त्यांचे आभार मानले नाहीत, यावर घरात पुष्कळ बोलले गेले.

तरीही जोडणी पुरी झाली, आणि ती निर्दोष झाली. (सोबतच्या माहितीपुस्तिकेत पहिल्या तीन पानांवरच इतक्या चुका होत्या की पुढे वाचणे मी स्वाभिमानापोटी सोडले.) मी कळ दाबली. दिवा लागला, पंखा फिरला, आणि संगणकाचा पडदा काळाच राहिला. मी पुनःपुन्हा दाबली. पडद्याचे मत बदलले नाही.

येथे मी शांतपणे विचार केला. स्थितिक विद्युत इजा करते आणि मागे खूण ठेवत नाही. यंत्रावर कोठेही खूण नव्हती. निष्कर्ष उघड होता. प्रश्न एवढाच उरला की भार आणला कोणी. दंतवैद्यांना विचारले असता ते हसू लागले, म्हणून त्यांना वगळले. मग आठवले की आदल्या दिवशी तुमची बहीण कात्री घ्यायला कामाच्या खोलीत येऊन गेली होती. मी तिला अत्यंत सौम्य शब्दांत विचारले की अंगावर कोणता स्वेटर होता, त्याची बाही टेबलापासून किती अंतरावर होती, आणि आत येण्यापूर्वी तिने धातूला हात लावला होता का. तिने हातातली सुई खाली ठेवली. (ती सुई खाली ठेवते तेव्हा घरातल्या इतरांनी खोली सोडावी, असा अनुभव आहे. इतर कोणी नव्हते.)

"या घरात त्या पट्ट्याला माझ्यापेक्षा जास्त मान आहे," ती म्हणाली. "माझी लोकर भिजली, माझे काम अडले, आणि आता साक्षही मीच द्यायची. मी अक्काकडे जाते. तिच्याकडचा संगणक दिसायला कसाही असो, सुरू होतो."

मी मनगटाचा पट्टा सोडवीपर्यंत ती बाल्कनी आवरून जिन्यापर्यंत पोहोचलीही होती. आता ती तुमच्या बैठकीत बसून अडकलेले तक्ते एकेक चौकट नव्याने काढत असेल, आणि येथे मी चार खोल्यांत ज्याच्याशी वाद घालावा असे कोणी नसताना अनवाणी फिरतो आहे. यात दोष कोणाचा, याचा निवाडा मी मोकळ्या मनाने तुमच्यावर सोपवतो. तुम्ही वयाने आणि विवेकाने मोठ्या आहात. तिची बाजू घेण्यापूर्वी हे पत्र दोनदा वाचाल, अशी आशा आहे. साडूभाऊंना नमस्कार सांगावा.

तुमचा,
(तुमच्या बहिणीच्या शब्दांत) पेटीला बांधलेला

ता. क. १ : काल, अन्य वाचनाच्या अभावी, मी ती माहितीपुस्तिका चौथ्या पानापासून वाचली. असे दिसते की मुख्य भागाच्या कोपऱ्यात एक आयताकृती खाच असते आणि तिला वेगळी वायर जोडावी लागते. ती नसल्यास दिवा लागतो, पंखा फिरतो आणि पडदा काळा राहतो. ही वायर एका छोट्या काळ्या नायलॉनच्या पिशवीतून येते. नायलॉन असल्यामुळे मी ती पिशवी न उघडताच बाल्कनीत ठेवली होती. बाल्कनी आता स्वच्छ आहे. कृपया तुमच्या बहिणीच्या लोकरीत, बहुधा राखाडी लडींच्या खाली, पाहावे. दुसऱ्या बनावटीची वायर जोडल्यास यंत्र खरोखरच जळते, म्हणून हीच हवी. ती आली की त्याच तासाला जुनी डिस्क वाचता येईल आणि पुस्तक वेळेत जाईल.

ता. क. २ : कात्रीविषयीचे माझे अनुमान मी मागे घेतो. तर्काची मांडणी बिनचूक होती. केवळ निष्कर्ष चुकला. दंतवैद्यांचे आभारही मानून आलो. ते पुन्हा हसले.

ता. क. ३ : वायरीला स्थितिक विद्युतेने काहीही होत नाही, हे मी जाणतो. तरी ती कुरिअरने पाठवू नये. कोणीतरी ती हातात घेऊन यावे. साडूभाऊंना प्रवास सोसत नाही आणि तुम्हांला घर सोडवत नाही. तेव्हा उरले कोण, हे तुम्हांला सांगण्यासाठी तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाची गरज नाही. लोकरही सोबत यावी. कपाट पुसून ठेवले आहे, गालिचा पुन्हा अंथरला आहे, आणि यंत्र स्वयंपाकघरात हलवले आहे.

ता. क. ४ : हे पत्र तिला मुळीच दाखवू नये. टेबलावर उघडे राहून गेले, तर मात्र माझी हरकत नाही.